आई इंजिनावर चढली तो दिवस

खंडेनवमीला आईला घेऊन रेल्वे संग्रहालयात गेलो. बाबा छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, ड्रायव्हर होते, रायपूर ते धमतरी. त्या काळी या दिवशी शेडमध्ये इंजिनांची पूजा होई. घरच्या बायका ताट घेऊन येत, इंजिनाच्या तोंडाला हळदकुंकू लावत आणि खालीच उभ्या राहत. बायकांनी वर चढायचं नाही, हा शेडचा दंडक. बाबा निवृत्त झाले, पुढे वारलेही. त्यांची सगळी नोकरी जिथं झाली, ती जागा आईनं आतून कधीच पाहिली नव्हती.

यंदा तिचा गुडघा बदलला. समता कॉलनीतल्या फिजिओथेरपीला ती कुरकुर न करता जात होती. हा उत्साह कशासाठी, ते संग्रहालयाच्या फाटकात कळलं.

"मले इंजिनावर चढाचं आहे," ती म्हणाली.

जुने डबे, साहेबांचा खास सलून-डबा तिनं न थांबता मागे टाकले. छोट्या लाईनचं काळं इंजिन अगदी शेवटी होतं. तिनं हळदकुंकू वाहिलं, ताट माझ्याकडे दिलं आणि पायरीकडे वळली.

राखणदार धावत आला. "दादी, सीढ़ी ऊँची है, गिर जाओगी."

"काहून पडीन? गुडघा नवा आहे. तुह्या इंजिनापेक्षा नवा!"

तो हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "भैया, चढ़ना मना नहीं है. पर आप पकड़े रहना."

"कोनी पकडाचं नाही," आई म्हणाली.

पहिली पायरी तिच्या मांडीइतकी उंच होती. तिनं पदर खोचला, दोन्ही दांडे धरले, चांगला पाय वर टाकला. शस्त्रक्रियेचा पाय अधांतरी राहिला. मी हात पुढे केला. तिनं मानेनंच नको म्हटलं. गुडघा वाकला. ती वर गेली.

भट्टीचं दार, कळकट लिव्हर, ड्रायव्हरची बसायची फळी, सगळं तिनं हात लावून पाहिलं.

"अगं बाई, एवढीशीच जागा! तरीच घरी येऊन पाय पसरून झोपत होते. अन् मी बोलत होती त्यायले."

ती फळीवर बसली, कोपर खिडकीत टेकवलं आणि पुढे पाहू लागली. खाली चढायला रांग लागली. राखणदारानं हाक मारली, "दादी, अब उतरिए."

"थांब ना भैया. मी आत्ता तं पाहून राहिली."