पडद्याच्या बायकांकडच्या बाजूने

परदेशी प्रेमाचे सिनेमे मी भरपूर पाहिले आहेत आणि माझं मत असं आहे की त्या मडमांना घरी काही काम नसतं. असतं तर त्या इतक्या वेळा चक्कर येऊन पडल्या नसत्या. पडतात त्याही नेमक्या कोणी झेलायला उभा असताना. आमच्याकडे बाई चक्कर येऊन पडली तर आधी नाकाला कांदा लावतात, मग बोलणी बसतात. झेलत कोणीच नाही.

हे शहाणपण आत्ताचं. सोळाव्या वर्षी मला ते सगळं खरं वाटायचं. घरात कापसाचा ढीग असे, त्यावर मी चक्कर येऊन पडण्याचा सराव करायची. कपाळावर हात उलटा ठेवायचा, मान मागे टाकायची आणि धप्प. आईने एकदा पाहिलं आणि हाक मारली, "माय व, या पोरले किडा चावना का काय?" झाला माझा पहिला प्रणयप्रसंग!

सिनेमा तेव्हा मुका होता आणि आमच्या नंदुरबारला तंबूतून यायचा. थंडीत मैदानभर लाल मिरची वाळत पडली की तिला पथारी म्हणतात, त्या पथारीच्या अंगालाच तंबू लागे. वारा सुटला की तिखटाची धूळ सरळ आत. त्यामुळे ताटातुटीच्या प्रसंगाला सगळा तंबू रडत असे, लग्नाच्या प्रसंगाला रडत असे आणि घोड्यांच्या शर्यतीलाही रडत असे. मी घरी येऊन सांगायची, साहेब लोक किती काळजाला हात घालतात म्हणून.

तंबूच्या मधोमध पांढरं कापड टांगलेलं. त्याच्या पुढे पुरुष, मागे बायका. खेळाआधी कापडावर पाणी मारत, म्हणजे चित्र पलीकडेही उमटायचं. त्यातलं निम्मं पाणी आमच्या लुगड्यांवर. आता ज्याला थोडी अक्कल आहे त्याला कळेल की मागून पाहिलं तर डावं ते उजवं दिसणार. आम्हा बायकांना ते कोण सांगणार? पुढून सिनेमा पाहिलेली एकही बाई आमच्या गल्लीत नव्हती. आम्ही पाहिलं ते असं: राजपुत्र डाव्या हाताने तलवार उपसतो, डाव्या हाताने प्याला उचलतो, आणि मडमेपुढे गुडघा टेकून डाव्या हाताने फूल देतो. मी मनाशी पक्कं केलं की मोठ्या घरचे पुरुष डावरेच असतात. उजव्या हाताने जेवणं-लिहिणं हे आपलं शेतकऱ्यांचं!

गोष्ट समजावून सांगायला पुढे एक बोलका गृहस्थ उभा असे. आपल्याला इंग्रजी येतं असं त्याचं म्हणणं होतं. "आते मडमना बाप म्हनस, हाई सोयरीक व्हनार नही, आमनं कुय मोठं शे!" असं तो सांगायचा आणि सगळ्यांना लगेच पटायचं. साहेब मडमेचं तोंड जवळ ओढू लागला की त्याचा आवाज चढायचा, "तिन्हा डोयामा मिरची गयी! साहेब फुकी ऱ्हायना!" आमच्याही डोळ्यांत तीच गेलेली असल्यामुळे आम्ही हळहळायचो. फुंकर इतका वेळ का चालते, एवढंच मला कळत नसे.

माझ्या सोबतीला फुई असायची. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याच घरी राहायची, आणि वडिलांना अरे-तुरे करणारी घरात ती एकटीच. सिनेमाचं वेड तिला माझ्याहून जास्त, पण जाताना म्हणायची, "पोर एकली जाई का? म्हनीसन जास मी."

त्याच हिवाळ्यात लोणखेड्याहून मला पाहायला आले. मुलगा स्वतः आला होता, हे तेव्हा जरा जास्तच पुढारलेलं. सोबत त्याचे काका. जेवणं झाली, पानाचं तबक पुढे आलं आणि मला आणून बसवलं. मान खाली घालायची हा नियम, म्हणून मला माणूस दिसला तो कोपरापासून बोटांपर्यंत. त्या बोटांनी अडकित्ता उचलला. डाव्या हाताने! सुपारी कातरली, डाव्या हाताने. विडा बांधला आणि माझ्या वडिलांपुढे धरला, तोही डाव्याच हाताने.

काकांनी पुतण्याच्या मांडीला चिमटा काढला तो मला स्पष्ट दिसला. वडिलांनी विडा घेतला नाही. माझ्या छातीत मात्र बँड वाजायला लागला. राजपुत्र! आपल्या ओटीवर! मला चक्कर येऊन पडावंसं फार वाटलं, पण झेलण्याच्या अंतरावर फक्त फुई होती.

पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "नही. डावा हातवाला जावई माले नही चालाव. वडीलधारानापुढे डावा हात करस!"

फुईनेही री ओढली, "लगीनमा हयद लावाना वखतले बी डावाच हात पुढे करी ना तो!"

नकार कळवायचा आणि खापर गावच्या दुसऱ्या स्थळाला होकार द्यायचा असं ठरू लागलं. खापरच्या मुलाचा मध्यस्थ एकच गुण सांगत असे, मुलगा शांत आहे, दिवसदिवस बोलत नाही. वडिलांना हा गुण फार आवडला होता. मला मुका सिनेमा तंबूत चालत होता, घरात नको होता.

मुलीने स्वतःच्या लग्नात तोंड घालायचं नाही, पण फुईच्या कानाला लागायला कोणाची हरकत? ती चुलीपाशी होती. मी म्हटलं, "फुई, राजपुत्राने तलवार कोणत्या हाताने काढली?"

"डावा." तिने विचारही केला नाही.

"फूल?"

"डावा."

"आणि तो म्हातारा राजा, ज्याच्यासाठी तू पदर ओला केलास?"

फुईच्या हातातली फुंकणी थांबली. उठली, हात पदराला पुसले आणि तडक ओटीवर गेली. "अरे, तुले काही कयस का? मोठमोठा राजा डावरा ऱ्हातस! गोरा लोकस्मा तर समदाच!"

वडील म्हणाले, "काही सांगू नको. मी बी दखना तो खेय. तलवार उजवा हातमा व्हती."

"डावा!"

"उजवा!"

"तुन्हा डोया दखाडी ये एखादा वैद्यले!"

एकाच तंबूत, एकच खेळ, एकाच संध्याकाळी पाहिलेली सख्खी भावंडं. दोघंही खरं बोलत होती. आता आठवलं की मला हसू आवरत नाही. तेव्हा मी माजघरात देवापुढे बसून वडिलांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा खेळाला गेली. वडील पुढे, फुई मागे. परतली ती आणखी ठाम होऊन. मग फुईने गल्लीतल्या बायकांना साक्षीला बोलावलं. शेजारची काकू, तिच्या सुना, कासारीण, सगळ्यांनी देवाची आण घेऊन सांगितलं, डावा. वडील साक्षीदार शोधायला पारावर गेले. तिथे त्यांचे मित्र म्हणाले, "मडम सोडीसन हात कोन दखस, भो!" एकालाही आठवेना. घरी येऊन वडील बराच वेळ स्वतःचेच दोन्ही हात समोर धरून पाहत बसले. मग म्हणाले, "व्हई बी. माले चष्मा लागना वाटस."

खापरचं स्थळ बारगळलं आणि मी लोणखेड्याला आले.

काही वर्षांनी सिनेमा बोलू लागला. यजमान मला गाडीने सुरतेला घेऊन गेले. तिथे पक्कं थिएटर होतं आणि बायका-पुरुष एकाच बाजूला. परदेशी खेळ होता. राजपुत्र आला, त्याने तलवार उपसली आणि मी मोठ्याने ओरडले, "अहो, हा उजवा आहे!" पुढच्या रांगेतल्या पारशी बाईने वळून पाहिलं. यजमान कुजबुजले, "मंग कसा पाहिजे?"

आमचा तंबू, ते ओलं कापड, फुईची साक्ष, सगळं डोक्यात हळूहळू सुलटं होत गेलं. मग जे हसू फुटलं ते पदरात मावेना. शेवटी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तोंड पुन्हा पडद्याकडे फिरवलं. मला वाटलं, दुखावले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तू माले दखीसन हो नही म्हनी?"

"नाही."

"मीनी बी तुले कथी दखेल व्हतं? तू तं खाले मुंडी घालीसन बठेल व्हती. त्या दिनले जेवनमा मांडा व्हता ना, पुरनना, मातीना खापरवरना. तो खाधा आनि काकाले सांगं, हाईच पोर."

"तो मांडा फुईने केला होता," मी म्हटलं. "मला अजूनही येत नाही."

"ते माले लगीन व्हताच कयनं," ते म्हणाले.

उरलेला खेळ आम्ही शेजारी शेजारी बसून गुपचूप पाहिला. राजपुत्र मडमेला मागणी घालत होता, चांदणं पडलं होतं, वाद्यं वाजत होती. सगळं दाखवलं. तो तिच्या घरी काय जेवून आला होता आणि ते कोणी रांधलं होतं, एवढं मात्र कुठेच दाखवलं नाही. परदेशी सिनेमांबद्दल माझी मुख्य तक्रार आजही हीच आहे.