सीलबंद ट्रक आणि सोडलेला पहारा

त्या ट्रकचा विषय निघाला की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत फौजदार होतो. मुंबई बंदरात उतरलेलं परदेशी कापड ट्रकने दक्षिणेतल्या दुसऱ्या बंदरात न्यायचं आणि तिथून जहाजाने शेजारच्या देशात, असा तो व्यवहार होता. माल आपल्याकडे विकायचाच नाही, म्हणून त्यावर सीमाशुल्क नाही. मात्र दाराला कस्टमचं शिशाचं सील, आणि ड्रायव्हरने वाटेत गाडी सोडायची नाही अशी लेखी अट. तेच कापड इथे चोरून विकलं तर बुडवलेलं शुल्क सरळ खिशात.

एका सकाळी खबऱ्याने कळवलं, असा एक ट्रक कराडहून वाट वाकडी करून सांगलीत आला होता, आता मिरजेकडे निघालाय. नाक्यावर अडवला. सील शाबूत. पण बिजागऱ्यांचे बोल्ट नुकतेच खोललेले दिसत होते. कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर पंचनामा करून दार उघडलं, तर गोणपाटाच्या गठ्ठ्यांत नुसत्या चिंध्या.

ड्रायव्हर साताऱ्याकडचा, लष्करातून निवृत्त झालेला. ट्रकचा मालक सांगलीतला हळदीचा व्यापारी. त्याने सरळ हात वर केले. गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात होती, म्हणाला.

"गाडी सोडून कुठं गेला होतास?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"कुटंच न्हाई, सायेब." मान खाली.

"मग माल कुणी काढला?"

"म्हाईत न्हाई. चोरी मी केली न्हाई." हे मात्र माझ्या डोळ्यात डोळे घालून.

पहिलं उत्तर खोटं होतं, हे मला लगेच कळलं. म्हणून दुसरंही खोटंच, असं मी धरून चाललो. चार दिवस त्याच प्रश्नांचं दळण दळलं. एकदा हात उचलला, त्याची आज लाज वाटते. घास गोड लागेना, टेबलापासून कोठडीपर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. "आवं सायेब, पोरीची सुपारी फुटलीया. सोयरं फौजी हायती. ह्यास्नी डाग लागला तर लगीन मोडंल." मी ऐकून घेतलं आणि तिला वाटेला लावलं. सुपारी कधी फुटली, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

पाचव्या दिवशी मुद्देमाल आतल्या खोलीत हलवायला मार्केट यार्डातला एक हमाल बोलावला. त्याने गठ्ठ्याचे दोन्ही कोपरे धरले आणि थांबला. "सायेब, ही तर आमच्याकडची शिलाई. ह्ये कान बघा की."

हळदीचं पोतं शिवताना आमच्याकडे कोपऱ्यांना असे कान काढतात, उचलायला सोपं जावं म्हणून. बंदरातून आलेल्या गठ्ठ्याला कान कुठून असणार? शिवणाऱ्याच्या हाताने सवयीने काढले होते. दुपारपर्यंत तो शिवणारा सापडला. मालकाच्या गोदामातच त्याने ते शिवले होते. कापड नदीकाठच्या एका पेवात निघालं. ज्या खड्ड्यात हळद साठवायची, तिथे परदेशी ताके.

मी कोठडीपाशी गेलो. "पोरीची सुपारी कधी फुटली?"

तो उठून सावधान उभा राहिला. "गाडी सांगलीत आणली त्याच दिवशी, सायेब. मालक म्हणलं, ब्रेकचं काम हाय, गाडी गोदामात लाव, घरी जाऊन ये. एस्टीनं गेलो, दुसऱ्या दिशी आलो."

"मग बोलला का नाहीस?"

"चोरी मी केलीच न्हाई, तो आळ टिकायचा न्हाई. पहारा सोडला, ते खरं हाय. सोयऱ्यांस्नी काय तोंड दावू?"

त्याच्या जबाबाशिवाय मालक सगळं त्याच्यावर ढकलून सुटला असता आणि हा अडकला असता. मी तसं समजावलं. शेवटी तो म्हणाला, "लिवा."

कोर्टात त्याने ते सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. नवऱ्या मुलाचा बाप मागच्या बाकावर बसला होता, जुना सुभेदार. साक्ष संपायच्या आत उठून गेला. मालकाला शिक्षा झाली, ड्रायव्हर निर्दोष ठरला, लग्न मोडलं.

माणूस खोटं बोलतो तेव्हा तो गुन्हाच लपवत असतो असं नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे प्रत्येक आरोपीला आधी घरचं विचारू लागलो. मला त्या तपासाबद्दल बक्षीस मिळालं. त्याचं खरं बोलणं माझ्या कामी आलं, त्याच्या पोरीच्या नाही.