निकाल गिरगावचा आणि निकाल आमचा

शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुन्या बाया आणि मास्तर भेटलो की चहा येईपर्यंत एक किस्सा होतो आणि कप उचलेपर्यंत तिसरा. विषय बहुतेक एकच, एस.एस.सी.चा निकाल.

मी राहायची फणसवाडीत आणि मराठी शिकवायची लालबागच्या शाळेत. आमच्या मजल्यावरचे कीर्तिकर मास्तर गिरगावच्या एका नावाजलेल्या शाळेत गणित शिकवत. निकालाच्या दिवशी ते गॅलरीत पेपर घेऊन उभेच.

"बाई, आमचा एकच गेला. तुमचे किती?"

"मोजतोय अजून," मी म्हणायची.

*

एकदा त्यांना विचारलं, एवढा निकाल लागतो कसा? माणूस सरळ. म्हणाले, "कच्च्या मुलांचे फॉर्मच आम्ही भरत नाही."

दुसऱ्या दिवशी ही युक्ती मी आमच्या हेडमास्तरांना, देसाई सरांना सांगितली.

"छान," सर म्हणाले. "तसं केलं तर परीक्षेला बसेल कोण? तुम्ही आणि मी?"

*

पण त्याच वर्षी शाळेच्या कमिटीचं पत्र आलं. निकाल सुधारा, कच्च्या सहा जणांचे फॉर्म अडवा.

त्या सहांत शेवंता परब होती. वडील मालवणकडचे, गिरणीत साच्यावर कापड विणणारे. एका खोलीत आठ माणसं. पोरगी मराठीत तल्लख, गणितात मात्र आनंदच.

सरांनी सहाही फॉर्मवर सह्या ठोकल्या आणि कमिटीला कळवलं, "अडवायचंच असेल तर आधी मला अडवा."

कोणी अडवलं नाही. त्या पगारात दुसरा हेडमास्तर मिळाला नसता.

*

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. आज हरताळ, उद्या मोर्चा, आणि परीक्षा तोंडावर. शाळा बंद असली की त्या सहा जणांना मी शेवंताच्या चाळीच्या गच्चीवर शिकवायची.

एकदा व्याकरण चाललं होतं आणि खालून मोर्चा निघाला. म्हटलं, उदाहरण आयतंच आलंय.

"'झालाच पाहिजे', यातला 'च' कशासाठी?"

शेवंता म्हणाली, "त्या 'च'साठीच तर बाबा चार दिवस तुरुंगात आहेत, बाई."

मी पुस्तक मिटलं.

*

हे मी कीर्तिकर मास्तरांना सांगितलं. रविवारी बघते तर मास्तर गच्चीवर हजर. बस बंद, फणसवाडीहून चालत आलेले.

"गणित कोण घेतं या मुलांचं?" म्हणाले आणि खडू हातात घेतला. परीक्षेपर्यंत एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

मी विचारलं, "मास्तर, एवढी पायपीट कशाला?"

"पक्क्या मुलांना शिकवून शिकवून," ते म्हणाले, "शिकवायचं विसरायला झालं होतं."

*

निकाल लागला. सहांतले चार पास. शेवंता गेली, गणितात, तीन मार्कांनी.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील टीचर्स रूमच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा. मी म्हटलं, "परब, अहो, शेवंता नापास झालीय."

"ठाऊक आसा, बाई. पण मॅट्रिक नापास ना? आमच्या गावात बाप्या माणसांतसुद्धा तितक्या कोण शिकाक नाय."

देसाई सर खुर्चीतून उठले. त्यांनी दोन पेढे घेतले. एक तोंडात टाकला, दुसरा कागदात बांधून माझ्या हातात दिला.

"हा फणसवाडीला न्या. मास्तरांना म्हणावं, आमचा निकाल."