रोवण्याची शेवटची ओळ

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. पत्नीलाही नाही — आणि ती तर माझ्या प्रत्येक माहितीपटाची पहिली प्रेक्षक. तुम्हाला सांगतो, पण आधी थोडे शिकवू द्या. मास्तराची खोड जात नाही.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा लहान झाला, त्या सुमारास मी शाळा सोडून कॅमेरा हाती घेतला. निव्वळ निरीक्षणातून माहितीपट करणारा या भागातला मी पहिला, असे म्हणतात. नियम सोपा आहे: पाहावे, थांबावे, कोणालाही काही करायला सांगू नये. हा नियम मी इतक्या शिबिरांत शिकवला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

उदाहरणादाखल मी नेहमी एकच दृश्य दाखवतो. बपेऱ्याजवळच्या शेतात रोवणा संपतो आहे. धानाची शेवटची रोपे चिखलात लावून कमलाबाई कंबर सरळ करतात, आणि ओळीतल्या साऱ्या बाया खदखदून हसतात. ‘पाहा,’ मी म्हणतो, ‘कॅमेरा आहे हे त्या विसरल्या आहेत.’

विसरल्या होत्या? छे! त्या मलाच हसत होत्या.

झाले असे — कॅमेऱ्याचे बटन एकदा दाबले की चित्रण सुरू, पुन्हा दाबले की बंद. माझा क्रम उलटा पडला. रोवणा खरोखर संपला तेव्हा कॅमेरा बंद होता. मी बांधावर परतलो तेव्हा मात्र माझ्या चिखलाने माखलेल्या पायांचे उत्तम चित्रण झाले. मग काय केले? शेवटची ओळ उपटून पुन्हा लावा, अशी विनंती केली.

“दोनदा लावतो तं दोनदा जेवाले लागन, मास्तर!” कमलाबाई म्हणाल्या. ओळ पुन्हा लावून होईपर्यंत बाया हसतच होत्या; चित्रणात आले तेच ते हसू.

इथेच थांबावे असे फार वाटते. पण कबुली याची नाहीच.

पुढे भंडाऱ्यात माहितीपट दाखवला. कमलाबाईंना मी हौसेने पहिल्या रांगेत बसवले होते. बाहेरगावच्या एका पाहुण्याने विचारले, हे खरोखर असेच घडले का? त्या एका उत्तरावर माझा नियम, माझे नाव, सारे उभे होते. मी तोंड उघडण्याआधी कमलाबाईच आनंदाने उठल्या.

“दोनदा लावली ना जी ते ओळ! मास्तरचं बटनच दबलं नोहोतं!”

सभागृह माझ्याकडे वळले. आणि मी — अगदी मायेच्या सुरात — म्हणालो, “बाईंचं आता वय झालं. दुसऱ्या कुठल्या शेताशी गल्लत होते आहे त्यांची.”

वयाने त्या माझ्याहून लहान आहेत.

लोक समजूतदारपणे हसले. कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिले, पदर सावरला. “असन बाप्पा,” म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

आजही रोवण्याच्या दिवसांत बपेऱ्याच्या रस्त्याने गेलो की कमलाबाई शेतातून ओरडतात, “मास्तर, दबलं का बटन?” बाया हसतात, मीही मनापासून हसतो. सभागृहातले कोणी तिथे नसते.

ती ओळ दोनदा लावली गेली. कमलाबाईंची कसलीही गल्लत झाली नव्हती.