फळ्यांमागचं पाणी

जर्मनीला निघाले, तेव्हा शिरपूरच्या स्टँडवर आबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि एवढंच म्हणाले, "मांगे देखू नको." मला ते फार कोरडं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. धुळं येईपर्यंत मान अवघडून गेली होती.

गेल्या हिवाळ्यात आई-आबा माझ्याकडे ऑग्सबर्गला आले. किल्ले झाले, चर्च झाली, बर्फाचे डोंगर झाले. आईला जागोजागी फोटो हवे असत. आबा मात्र कुठेही गेलं की तिथली नदी विचारत, "आठेनी नदी कोनती?"

परतायच्या आदल्या दुपारी मी त्यांना चौकातलं चारेकशे वर्षांचं कारंजं दाखवायला नेलं. विसरलेच होते मी, थंडीत दगड तडकू नयेत म्हणून इथे कारंज्यांचं पाणी तोडतात आणि भोवती फळ्या ठोकतात. चौकात नुसती लाकडाची बिनदाराची खोली उभी होती.

"यात काय पाहायचं?" आई म्हणाली.

आबा फळीला कान लावून उभे होते. "पानी चालू शे," ते म्हणाले. मग फळीच्या आत बोट दाखवून, "मधमा अक्का शे."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आबा लहान असताना त्यांचं तापीकाठचं गाव धरणात गेलं. गाड्या निघाल्यावर अक्का मागे राहिलेली शेळी आणायला फिरली, ती पुन्हा दिसलीच नाही. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. मलाही हे आईनंच एकदा हळू आवाजात सांगितलेलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"इचारी ऱ्हायनी, आते कथा ऱ्हातस तुम्ही?"

आणि आबांनी तिला आताच्या शिरपूरच्या घराचा रस्ता सांगितला. पाण्यातून वर ये, केळीचे मळे ओलांड, मग टाकी, टाकीमागचं निळ्या दाराचं घर. लहान मुलीला सांगावं तसं, पुन्हा पुन्हा. मी फळीवर तळवा टेकवला. पाणी धावणाऱ्या नळासारखी ती थरथरत होती.

आता आई फोनवर सांगते, सकाळी उंबरा ओला असतो, आतल्या बाजूनं. आबा पुसू देत नाहीत. झोप मात्र त्यांना आता गाढ लागते.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, आई-वडील असतात ते घर, असं मी समजत होते. आता वाटतं, आपल्याला शोधत निघालेल्या माणसाला सापडतं ते घर.

या महिन्यात मी भाड्याची जागा बदलली. सामान लावून झाल्यावर चौकात गेले, यंदा पुन्हा ठोकलेल्या फळीला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. तरी नवा पत्ता सांगितला, अहिराणीत, अडखळत. निघताना आठवलं म्हणून परत वळले आणि म्हणाले, "आत्या, बेल बिघडेल शे. दार ठोकजो."