कारखान्याचा संघ आणि माझी सोयरीक

साखर कारखान्यात मला नोकरी लागली ती काट्यावरचा कारकून म्हणून, पण खरं सांगायचं तर मला घेतलं होतं कबड्डी खेळायला. उसाच्या गाड्यांची वजनं लिहायचं काम चौथी पास माणसानेही केलं असतं. माझ्याजवळ दम होता, पाय चपळ होते आणि डोकं लगेच तापायचं. चढाई करणाऱ्याला एवढं भांडवल पुरतं, असं निदान मला तेव्हा वाटायचं.

दुष्काळ पडण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांत तेव्हा सगळ्याच गोष्टींची ईर्षा असायची. कुणाचा साखर उतारा जास्त, कुणाचा भोंगा लांबवर ऐकू जातो, आणि कुणाचा संघ कबड्डीची ढाल घेऊन येतो. आमच्याकडे ढाल कधी आलीच नव्हती. म्हणून त्या वर्षी बॉयलर पेटवायच्या दिवशी, नारळ फुटल्या फुटल्या, चेअरमननी आम्हा सात खेळाडूंना सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "ढाल आणा. सातांना कायम करतो."

आम्ही सातही जण हंगामी होतो. म्हणजे ऊस आहे तोवर नोकरी, चिमणीचा धूर थांबला की घर. सहा महिने साहेबासारखं राहायचं आणि सहा महिने वडिलांच्या शिव्या खात शेतात काम करायचं. 'कायम' हा शब्द आम्हाला साखरेहून गोड लागायचा.

माझं तर त्या शब्दावर लग्न अडलं होतं. दिवाळीनंतर मी घोडेगावला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील शेती सांभाळून बैलांचा व्यापार करायचे. घोडेगावचा जनावरांचा बाजार त्यांनी उभा-आडवा पचवलेला. मला त्यांनी असं न्याहाळलं की फक्त दात बघायचे राहिले. पगार विचारला, जमीन विचारली, विहिरीला पाणी किती ते विचारलं. माझ्या दोन्ही कोपरांवर सरावाच्या खपल्या होत्या. चहा घेऊन आलेली मुलगी कप ठेवता ठेवता थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "कोपराला औषध लावलं का न्हाई?"

बैठक गार पडली. मुलीने असं विचारायची तेव्हा रीत नव्हती. मी मात्र तिथेच खलास झालो. एवढ्या माणसांत कुणी माझ्या कोपराची चौकशी केली नव्हती. मला हीच बायको पाहिजे, असं मी घरी येऊन आईला स्पष्ट सांगितलं. तिकडून निरोप आला, "पोरगा बरा हाय, पर हंगामी हाय. कायम झाल्यावर या." चैत्रापर्यंत ते थांबणार होते. तोवर मी कायम झालो नाही, तर राहुरीकडचा एक कायम शिक्षक तयारच होता. त्या शिक्षकाला मी कधी पाहिलं नाही, पण आजही मला तो आवडत नाही.

तर संघ. आमचा कप्तान पॅनवर साखर शिजवायचा. चौतिशीचा, कमी बोलणारा माणूस. उकळता रस दोन बोटांत घेऊन तार आली का ते बघायचा आणि त्याच नजरेने आम्हाला जोखायचा. कोपऱ्यावर गोदामातला एक हमाल होता, त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. साखरेचं पोतं तो उशी उचलावी तसा उचलायचा. कपड्यांना कारखान्याने पैसे दिले नाहीत, तेव्हा पैलवानाने बनियनं गोदामात नेली आणि पोत्यांवर छापायच्या पत्र्यांनी पाठीवर आकडे छापून आणले. घाईत त्याच्या स्वतःच्या बनियनवर भलताच पत्रा पडला. सबंध हंगाम तो पाठीवर 'निव्वळ वजन १०० किलो' घेऊन खेळला. समोरचे संघ ते वाचून जरा बिचकायचे, म्हणून कप्तानाने ते बदलू दिलं नाही.

रोज चारच्या भोंग्याला आम्हाला दोन तास सुटी मिळायची. बाकीचे कामगार जळायचे. गाडीतळावर नंबराची वाट बघणारे गाडीवान आणि ऊसतोडीची माणसं मैदानाच्या कडेला बसून आम्हाला शिकवायची. पाथर्डीकडचा एक म्हातारा रोज मला उद्देशून म्हणायचा, "त्यो काट्यावाला लई उडतो. उडनारं पाखरू धरायला सोपं." मी एकदा त्याच्या अंगावर धावून गेलो. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी उसाचं कांडं सोलून घेऊन आला आणि पुन्हा तेच म्हणाला.

सामने रविवारी, कुठल्या ना कुठल्या जत्रेत. कारखान्याच्या ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांवर बसून आम्ही निघायचो. कारखान्यांचे आणि गावांचे मिळून जे दोन संघ जास्त सामने जिंकतील, त्यांची ढालीसाठी शेवटी गाठ पडणार होती. पहिलाच सामना पारनेरच्या अलीकडच्या एका गावात होता. सामना चारला, आम्ही अकरालाच हजर. जत्रेत पाहुणा संघ आधी जेवतो, अशी त्या गावाची रीत. पंगत बसली. मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. वाढणारे पाठीशी उभे. "घ्या, देवाचं हाय, न्हाई म्हनायचं न्हाई." देवाचं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पैलवानाने अकरा भाकरी खाल्ल्या. मीही लाजेकाजेने सहा खाल्ल्या.

चारला शिट्टी झाली. मी चढाईला गेलो. 'कबड्डी' म्हणायला तोंड उघडलं की ढेकर यायची, आणि ढेकर आली की दम तुटला म्हणून पंच बाहेर काढायचे. पैलवान वाकला तो सरळच होईना. आमच्यावर दोन वेळा लोण चढला. त्या गावाचा संघ सकाळपासून उपाशी होता, ते लोक सामन्यानंतर जेवले. येताना ट्रकमध्ये सगळे पोत्यांवर आडवे पडले होते. फक्त पैलवान एकदा म्हणाला, "रस्सा मात्र झकास हुता," आणि कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी कप्तानाने अक्कल लढवली. गावात उतरल्याबरोबर त्याने हात जोडून सांगितलं, "आमच्या संघानं खंडोबाचा रविवार धरलाय. सगळ्यांचा उपास हाय." आम्ही मनात म्हटलं, वा! गावकऱ्यांचे चेहरे उजळले. उपाशी संघाची सेवा करायचं पुण्य त्यांना कधी मिळणार? अर्ध्या तासात साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळी आणि केळ्यांचा घड आला. खंडोबाचंच नाव घेतलं होतं, आता नाही कसं म्हणणार? तो सामना आम्ही एका गुणाने कसाबसा वाचवला. तिसऱ्या रविवारपासून ट्रक गावाबाहेर चिंचेखाली थांबायचा आणि आम्ही सामन्याला दहा मिनिटं राहिली की पळतच मैदानात शिरायचो.

मग आमची गाडी अशी सुटली की विचारू नका. पौष संपला, माघ गेला, आम्ही हरलोच नाही. माझं डोकं तापायचं, पण कप्तान माझ्या मानेवर हात ठेवायचा आणि मी गप व्हायचो. त्याने मला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली. घोटा धरला गेला की पुढे ओढ घ्यायची नाही, सगळी माणसं तिथेच मार खातात. सगळं अंग धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवायचं. पैलवान रोज माझा घोटा धरायचा आणि मी रोज फिरायचो. महिनाभर मी नुसता धुळीत लोळलो. एकदाही सुटलो नाही.

चैत्रात शेवटचा सामना ठरला आणि समोर आला घोडेगावचा संघ. त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर होता मुलीचा भाऊ.

या गड्याची घोट्याची पकड अख्ख्या नेवासे तालुक्यात माहीत होती. बाजारात पळणारी खोंडं पायाला धरून थांबवण्यात त्याचं लहानपण गेलेलं. त्याच्या हातून सुटलेला चढाईवाला त्या हंगामात कुणी पाहिला नव्हता. सामन्याआधी त्याने मला लांबून नमस्कार केला. मीही केला. त्याचे वडील पुढच्या रांगेत फेटा बांधून बसले होते. मुलगी बायकांत होती म्हणे. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत गेला. शेवटची चढाई माझी. मी आत शिरलो, मधल्याला हात लावला आणि वळलो, तोच डाव्या पायाचा घोटा सांडशीत धरावा तसा धरला गेला. मी पालथा पडलो. वर दोघे येऊन आदळले. रेषा माझ्या बोटांपासून हातभर लांब. दम संपत आला होता. मी शिकवल्यासारखं सगळं अंग फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. आणि एकदम पाय मोकळा झाला. माझा हात रेषेपलीकडे पडला आणि शिट्टी वाजली.

ढाल आमची झाली. पैलवानाने मला खांद्यावर घेतलं, कप्तान चक्क रडला. मी वरून मुलीच्या भावाला शोधत होतो. तो कुणाला न भेटता, खाली मान घालून, मैदानातून निघून गेला होता.

 यानं मला सोडलं, मला वाटलं. बहिणीचं लग्न व्हावं म्हणून सोडलं.

कारखान्यावर तर सगळ्यांना खात्रीच होती. "मेव्हण्यानं हुंडा मैदानातच देऊन टाकला," असं काट्यावर येणारा प्रत्येक जण म्हणायचा. मी दोघांशी मारामारी केली. चेअरमननी शब्द पाळला, कायम केल्याचा कागद हातात आला, आणि मला तो भीक घातल्यासारखा वाटला. कागद परत करतो, असं मी कप्तानाला सांगितलं. तो पॅनसमोरून न हलता म्हणाला, "तुझा एकट्याचा कागद न्हाई त्यो. सात घरांचा हाय. गप लग्न कर."

वैशाखात लग्न लागलं. नवरी सुंदर दिसत होती, वऱ्हाड खूश होतं, आणि मी एकटा मांडवात तोंड पाडून होतो. मुलीचा भाऊ मला टाळत होता आणि मी त्याला. पण कानपिळीला त्याला यावंच लागलं. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळून 'बहिणीला नीट नांदव' असं बजावायचं, हा विधी टळत नाही. तो पुढे आला आणि त्याने माझा कान डाव्या हाताने धरला.

"शुभकार्याला उजवा हात," भटजी म्हणाले.

त्याने उजवा हात उपरण्याखालून काढला नाही. मी अगदी जवळ होतो, मला दिसला. दोन बोटं बांबूच्या कामट्यांत बांधलेली होती आणि सुजून काळी पडली होती.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"हळू बोला, दाजी. आबा ऐकतील. त्यास्नी बैलाच्या दाव्यात सापडली म्हनून सांगितलंय." त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं. "तुमी दुसऱ्यांदा फिरलात ना, तवा मोडली. म्या तरी सोडलं न्हाई. बोटंच ऐकंनात, त्याला काय करू?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"जावयानं लग्नाआदीच भावाचा हात मोडला, म्हनून बायकांनी अपशकून धरला असता. सोयरीक मोडली असती. अन् आमच्या बारकीला तुमीच पायजे हुतात."

महिनाभर मी या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण भर मांडवात नवरदेवाला ते करता येत नाही. मी नुसता कान पुढे केला आणि म्हणालो, "पीळ. चांगला जोरात पीळ."

त्याने डाव्या हातानेच असा पिळला की मी ओरडलो आणि सगळा मांडव हसला. आमचा लग्नाचा फोटो काळा-पांढरा आहे. त्यामुळे माझा कान किती लाल झाला होता ते कुणाला कळत नाही, आणि नवरदेव एवढा का हसतोय तेही.