भिवा मेस्त्री आणि बाबलची टॅक्सी

मालवणात कुडाळच्या रस्त्याला, नारळीच्या झापांच्या मांडवात भिवा मेस्त्री गाड्या दुरुस्त करायचा. फटफटणारं इंजिन म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटे. बासष्ट साली एकदा त्याने बाबलची जुनी टॅक्सी अडवूनच ठेवली. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे जातो त्या जोडावरचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, जळून गेलं होतं. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले नट त्याने रॉकेल पाजून सोडवले. जोडावर अ‍ॅस्बेस्टॉसची शीट धरली, हातोडीने हलके ठोकत तिच्यावर नेमका आकार उमटवला, कापला आणि बसवला. गाडीची फटफट बंद झाली. भिवा खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे विकणारी पद्मावती बांगड्यांची पाटी घेऊन मांडवात उभी राहिली. टॅक्सीची फटफट लांबून ऐकू आली की मगच ती घरातून रस्त्यावर यायची.

"मेस्त्र्यांनू, गाडी कधी गेली ता माका कळलांच नाय. आता बाजाराक कशी जाव?"

 संध्याकाळी भिवाने टॅक्सीला भला मोठा रबरी भोंगा बसवला आणि पद्मावतीच्या घरापाशी तो वाजवायची बाबलला ताकीद दिली.

सकाळी भोंग्याने सगळी वाडी जागी झाली. भिवा चहा पिता पिता बायकोला म्हणाला, "आयकलंस गो? पद्मावतीक गाडी गावली."